हिशेबाची वही की संस्थेचा संपूर्ण कारभार?

(जालना जिल्ह्यातील सेवा सहकारी संस्थांचे सचिव, शेतकरी उत्पादक कंपन्यांचे संचालक आणि ग्रामपंचायतींचे पदाधिकारी यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयाचे नाव थोडे परके वाटेल, परंतु प्रश्न आपल्या घरचाच आहे. संस्थेने केवळ हिशेब ठेवणारे सॉफ्टवेअर घ्यावे, की खरेदी, विक्री, साठा, प्रक्रिया, पगार आणि हिशेब हे सारे एकाच ठिकाणी सांभाळणारी एकात्मिक प्रणाली घ्यावी, असा हा प्रश्न आहे. या दुसऱ्या प्रकाराला व्यापारी मंडळी 'ईआरपी' म्हणतात. विक्रेते येतात, पडद्यावर रंगीत आलेख दाखवितात, संचालक मंडळ ठराव करते. आणि आपण नेमके काय घेतले, याचा विचार पुष्कळदा ठरावानंतर सुरू होतो.

प्रारंभी माझ्या पाहण्यातील एक घटना सांगतो. जिल्ह्यातील एका सेवा सहकारी संस्थेत खतविक्रीचे काम चालते. त्या संस्थेने साठा आणि हिशेब एकत्र ठेवणारी प्रणाली बसविली होती. एका हंगामात युरियाच्या दोनशे गोण्या आल्या आणि आठवड्यात विकल्या गेल्या. महिनाअखेरीस तपासणी झाली, तेव्हा संस्थेच्या संगणकावर विक्री दिसली दहा टन आणि अनुदानित खताच्या विक्रीसाठी अंगठा घेणाऱ्या यंत्रावर दिसली नऊ टन. एक टन युरिया यंत्राबाहेर विकला गेला, असा त्याचा सरळ अर्थ निघत होता. गोदाम रिकामे झालेले असल्याने मोजून दाखविण्यासारखे काही शिल्लक नव्हते. सचिवांकडे गाव संशयाने पाहू लागले. ज्या पारावर त्यांना 'या भाऊसाहेब' म्हणून बसवून घेत, तेथे ते आले की बोलणे थांबू लागले.

चूक सापडली ती एका रिकाम्या गोणीवर. युरियाची गोणी पूर्वी ५० किलोची असे. २०१८ साली ती ४५ किलोची झाली. प्रणालीतील वस्तुसूचीत मात्र ती ५० किलोचीच राहिली होती. दोनशे गोण्या म्हणजे प्रत्यक्षात नऊ टन. संगणक त्यांना दहा टन समजत होता. कोणी काही चोरले नव्हते. वस्तुसूचीतील एक आकडा कोणी बदलला नव्हता, एवढेच.

या घटनेतील दोन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. पहिली अशी की त्या काळातील रोजकीर्द पैशापर्यंत बरोबर होती. दर गोणीवर लावलेला असल्याने रुपयांत कोठेही फरक पडला नाही. हिशेबाचे सॉफ्टवेअर रुपयांत बोलते. गोदाम गोण्यांत, टनांत आणि क्विंटलांत बोलते. केवळ हिशेब पाहणाऱ्यास गोदामात काय चालले आहे हे कळतेच असे नाही. दुसरी गोष्ट तिच्या उलट आहे. एकात्मिक प्रणालीत एका ठिकाणी केलेली नोंद सर्वत्र पोचते, हा तिचा मोठा गुण. पण चुकीची नोंदही तितक्याच तत्परतेने सर्वत्र पोचते. वेगवेगळ्या वह्या असताना एका वहीतील चूक दुसरी वही दाखवून देई. सर्व वह्या एक झाल्या की साक्षीदारही एकच उरतो.

हिशेबशास्त्र जुने आहे. दुहेरी नोंदीची पद्धत लुका पाचोली या इटालियन गणितज्ञाने १४९४ साली व्हेनिस येथे छापलेल्या ग्रंथात मांडली. आपल्याकडील कीर्द, खतावणी, तेरीज आणि ताळेबंद या शब्दांना कोणा परक्या ग्रंथाची गरज पडली नाही. १९८६ साली बंगळूर येथे सुरू झालेल्या कंपनीच्या 'टॅली'ने हीच खतावणी संगणकावर आणली आणि ती गावोगावच्या दुकानांत पोचली. एकात्मिक प्रणालीचा उगम मात्र दुकानात नाही, कारखान्यात आहे. अमुक यंत्र तयार करावयाचे तर कोणता सुटा भाग केव्हा आणि किती लागेल, हे संगणकाकडून काढून घेण्याचे प्रयत्न १९६० च्या दशकात झाले. १९७२ साली जर्मनीत 'सॅप' ही कंपनी निघाली, आणि पुढे कारखान्याची गणिते व हिशेब एकत्र नांदू लागले. उगमातील हा फरक निवड करताना फार उपयोगी पडतो.

आपल्या जालन्याकडेच पाहा. येथील लोखंड उद्योगात भंगार वितळवून त्याच्या सळया काढतात. भंगार किती रुपयांचे आले आणि सळई किती रुपयांची गेली, हे हिशेबाचे सॉफ्टवेअर चोख सांगेल. परंतु भट्टीत घट किती आली, टनामागे विजेची किती युनिटे जळली आणि कोणत्या घाणीतील माल कोणत्या ग्राहकाकडे गेला, हे ते सांगू शकत नाही. नफा तर नेमका तेथेच मुरतो किंवा उडतो. अशा कारखान्याने एकात्मिक प्रणालीचा विचार केला तर त्याला चैन म्हणता येणार नाही.

बियाण्यांचे तसेच आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालन्यात महिकोची स्थापना केली आणि पुढे हे शहर बियाण्यांसाठी देशभर ओळखले जाऊ लागले. आज गावोगावच्या शेतकरी उत्पादक कंपन्याही सोयाबीन आणि हरभऱ्याचे बियाणे तयार करतात. बियाण्याची पिशवी म्हणजे केवळ माल नव्हे. तिला लॉट क्रमांक आहे, उगवणशक्तीच्या चाचणीची तारीख आहे, वैधतेची मुदत आहे. सोयाबीनच्या बियाण्यास किमान ७० टक्के उगवणशक्ती लागते आणि ते बियाणे हाताळताना लवकर इजा पावते. समजा, मृगात पेरणी झाली आणि एका वाडीतून तक्रार आली की बी उगवले नाही. अशा वेळी तो लॉट कोणत्या शेतकऱ्याच्या शेतातला, कोणत्या दिवशी प्रक्रिया झालेला आणि आणखी कोणाकोणाच्या घरी गेलेला, हे तासाभरात सांगता आले तर उरलेल्या पिशव्या जमिनीत जाण्यापूर्वी परत घेता येतात. ते सांगण्यास आठ दिवस लागले तर शेतकऱ्याचा हंगाम गेला. खतावणीत 'बियाणे विक्री' या खात्यावर एकूण रक्कम असते; तिच्यात हे उत्तर नसते.

याउलट, जी उत्पादक कंपनी फक्त निविष्ठांचे दुकान चालविते आणि हंगामात हमीभावाच्या खरेदीचे काम करते, तिला साठ्याची सोय असलेले साधे हिशेबाचे सॉफ्टवेअर पुरेसे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. अशा एका कंपनीने मोठी प्रणाली घेतलेली मी पाहिली. तिच्यात उत्पादनाचा विभाग होता, मनुष्यबळाचा होता, ग्राहकसंबंधांचाही होता. वापरात आले ते बिल आणि पावती. जो तरुण ती चालवीत असे तो पुण्यास नोकरीला गेला, आणि मुख्य परवलीचा शब्दही त्याच्याबरोबर गेला. मग जुनी वही पुन्हा बाहेर आली. वर्षअखेरीस दोन हिशेब आणि दोन शिलका.

मोठ्यांनाही हे चुकलेले नाही. 'लिडल' ही युरोपातील किराणा दुकानांची प्रचंड साखळी. तिने २०११ पासून सुमारे सात वर्षे एका एकात्मिक प्रणालीवर काम केले आणि २०१८ साली ते सोडून दिले. तोपर्यंत सुमारे ५० कोटी युरो खर्च झाल्याची वृत्ते प्रसिद्ध झाली. मुख्य अडचण ऐकून आपल्यास नवल वाटेल. लिडल आपल्या साठ्याचे मूल्य खरेदीच्या दराने धरीत असे आणि प्रणाली ते विक्रीच्या दराने धरीत असे. कंपनी आपली रीत बदलेना, म्हणून प्रणाली बदलावयास घेतली, आणि प्रत्येक बदलासरशी ती अधिकच गुंतागुंतीची होत गेली. आपल्याकडे 'आमची पद्धत वेगळी आहे, तसे करून द्या' असे आपण सहज म्हणतो. त्या एका वाक्याची किंमत आधी विचारून घ्यावी.

येथे बसलेल्या काहींच्या बाबतीत निवड आधीच झालेली आहे. केंद्र शासनाने जून २०२२ मध्ये ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाची २,५१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. या संस्था नाबार्डच्या मार्फत एकाच राष्ट्रीय सॉफ्टवेअरवर आणून जिल्हा मध्यवर्ती बँकेशी आणि राज्य सहकारी बँकेशी जोडावयाच्या, अशी तिची आखणी आहे. आणि हे सॉफ्टवेअर ईआरपी प्रकारचे आहे. त्यामागचे कारण समजून घेतले पाहिजे. २०२३ मध्ये प्रसृत झालेल्या आदर्श उपविधींनुसार या संस्थांना पंचवीसहून अधिक व्यवसाय करता येतात. पीककर्जाबरोबर गोदाम, खत, इंधन आणि दूध हे सर्व एका छपराखाली येणार असेल तर केवळ कर्जखतावणी पुरणार नाही, हे उघड आहे.

ग्रामपंचायतींनीही हा प्रवास केला आहे. पूर्वी आराखडा एका प्रणालीत, कामांची प्रगती दुसऱ्या प्रणालीत आणि हिशेब 'प्रियासॉफ्ट'मध्ये, अशी वाटणी होती. २४ एप्रिल २०२० रोजी 'ई-ग्रामस्वराज' सुरू झाले आणि ही सारी कामे एकत्र आली. आराखड्यात नसलेल्या कामाचा खर्च नोंदविण्यास गेले म्हणजे प्रणाली अडविते, अशी तक्रार मी सरपंचांकडून ऐकतो. माझ्या मते ती तक्रार नसून प्रशस्तिपत्र आहे. मात्र इंटरनेट बंद पडल्यामुळे मजुरांचे देयक अडते, तेव्हा तक्रार खरीच असते.

ज्यांना निवड करावयाची आहे त्यांनी विक्रेत्याला बोलावण्यापूर्वी एक काम करावे. मालाचा एक कट्टा दारात आल्यापासून त्याचे पैसे बँकेत जमा होईपर्यंत किती वेळा, कोणत्या कागदावर आणि कोणाच्या हाताने लिहिला जातो, हे कोऱ्या कागदावर मांडून पाहावे. तोच आकडा चार ठिकाणी लिहावा लागत असेल, माल वाटेत रूप बदलत असेल किंवा गोदामे एकापेक्षा अधिक असतील, तर एकात्मिक प्रणालीकडे वळावे. तसे नसेल तर हिशेबाचे सॉफ्टवेअर घेऊन उरलेले पैसे वजनकाट्यावर आणि माणसाच्या प्रशिक्षणावर खर्च करावेत.

कायद्याचीही एक अट आहे. उत्पादक कंपनी ही कायद्याने कंपनी आहे. १ एप्रिल २०२३ पासून कंपनीचे हिशेबाचे सॉफ्टवेअर असे असावे लागते की प्रत्येक नोंदीतील प्रत्येक बदल केव्हा झाला याचा माग त्यात राहील आणि तो माग कोणाला बंद करता येणार नाही. संगणकावर ठेवलेल्या हिशेबाची प्रतही दररोज भारतात असलेल्या सर्व्हरवर ठेवावी लागते. स्वस्तात मिळालेली जुनी किंवा चोरटी प्रत वापरणाऱ्या संचालकांनी याचा विचार करावा. लेखापरीक्षक आपल्या अहवालात याविषयी लिहितोच. मुक्तस्रोत प्रणाली, उदाहरणार्थ मुंबईत तयार झालेली 'ईआरपीनेक्स्ट', परवानाशुल्काविना मिळते. पण ती बसविणारा आणि सांभाळणारा माणूस फुकट मिळत नाही. करार करताना आपली सर्व माहिती वाचता येईल अशा स्वरूपात परत मिळेल, हे लेखी घ्यावे. मुख्य परवलीचा शब्द बंद लिफाफ्यात अध्यक्षांच्या कपाटात असावा.

शेवटी बदलाच्या मुहूर्ताविषयी. खरिपाच्या गर्दीत नवी प्रणाली सुरू करू नये. १ एप्रिल हा दिवस योग्य. ३१ मार्चच्या संध्याकाळी विक्री बंद करून गोदामातील प्रत्येक थप्पी मोजावी, गोणीवर छापलेले वजन वाचावे, आणि तोच आकडा आरंभीची शिल्लक म्हणून नव्या प्रणालीत घालावा; जुन्या वहीतील शिल्लक जशीच्या तशी उचलू नये. त्यानंतर किमान तीन महिने दोन्ही हिशेब शेजारी शेजारी चालवावेत. काम दुप्पट होईल, सचिव कुरकुरतील, आणि ती कुरकुर रास्त असेल. म्हणून तेवढ्या काळापुरता त्यांना एक मदतनीस देण्याचा ठरावही त्याच सभेत करून घ्यावा.