काळवैशाखी आणि रडार



महाराष्ट्रातून कोलकात्यात नव्याने आलेला मनुष्य चैत्र-वैशाखातील येथील पहिले वादळ पाहून 'वळीव आला' असे म्हणून मोकळा होतो. आम्हीही तसेच म्हणत असू. दोहोंचे कूळ एकच. परंतु बंगालची काळवैशाखी अधिक उग्र. खाली बंगालच्या उपसागरावरून आलेली दमट हवा, तिच्यावर पश्चिमेकडील कोरडी हवा, आणि उन्हाने तापलेले छोटा नागपूरचे पठार! दुपारी तेथे मेघ उभा राहतो, प्रसंगी पंधरा किलोमीटरांहून उंच चढतो आणि आग्नेयेकडे आमच्या रोखाने निघतो.

तो डोळ्यांना दिसण्यापूर्वी कळावा, यासाठी रडार. रडार रेडिओलहरींचा क्षणिक झोत सोडते. पावसाचे थेंब व गारा त्याचा अल्पसा अंश परत धाडतात. बांकुड्यावरील मेघ येथून सुमारे दीडशे किलोमीटरांवर. तेथून प्रतिध्वनी परतण्यास सेकंदाचा हजारावा भाग पुरतो. ताशी पन्नास किलोमीटर वेगाने निघालेल्या वादळाला मात्र येथे पोचावयास तीन तास लागतात. हा सारा खटाटोप त्या तीन तासांसाठी आहे.

अशा निरीक्षणांतूनच वादळांची चाल उलगडली. सुटे मेघ एकत्र येऊन धनुष्याकृती रांग धरतात आणि तिच्या अग्रभागी वारा सोसाट्याने वाहतो, हे रडारच्या पडद्यावर स्पष्ट दिसते. कोलकात्यात २००३ साली डॉप्लर रडार आले, तेव्हापासून मेघातील वारा आपल्याकडे येतो की दूर जातो, हेही मोजता येऊ लागले.

तथापि यंत्र सर्वज्ञ नव्हे. थेंबाचा व्यास दुप्पट झाला, की प्रतिध्वनी चौसष्ट पट होतो. त्यामुळे थोड्या गाराही मुसळधार पावसाचा आभास निर्माण करतात. म्हणून जमिनीवरील साध्या पर्जन्यमापकाशी पडताळा घ्यावाच लागतो. शिवाय पृथ्वीच्या गोलाईमुळे दोनशे किलोमीटरांवर रडारचा सर्वांत खालचा झोतही जमिनीपासून सुमारे चार किलोमीटर उंचावरून जातो. त्याखालचे काही त्याला दिसत नाही.

आणि सर्वांत मोठी उणीव यंत्राची नाही, आपली आहे. इशारा निघतो, आपल्या हातातील फोनवर येतो, आणि आपण खिडक्या लावून स्वस्थ बसतो. पण हुगळीवरील नावाडी, भातखाचरातील मजूर, आपल्या घरचे काम आटोपून सायंकाळच्या लोकलने गावी निघालेली बाई, यांना तो कोण सांगणार? वीज पडते ती बहुधा उघड्यावरील माणसावर. 'आज लवकर निघा', किंवा 'वादळ ओसरेपर्यंत येथेच थांबा', एवढे दोन शब्द आपण बोललो, तरी ते तीन तास सार्थकी लागतील.

ज्या भूमीने आम्हां परप्रांतीयांना आसरा दिला, तिच्या लेकरांसाठी एवढे तरी आपल्या हातून घडो, ही प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.