बिल नीट बघा, पण कॅशियरवर ओरडू नका

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांचे मेसेज आले की, "दादा, तू बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये काम करतोस ना, मग सांग, रॅकवर एक किंमत आणि बिलात दुसरी, असं का होतं? हे मुद्दाम करतात का?" तर आज त्यावरच बोलू. आणि यात माझी स्वतःची एक चूक आहे, तीही सांगणार आहे.

सुरुवात आईपासून करतो. आमची आई दुकानातून बाहेर पडायच्या आधी, दारातच उभी राहून बिल वाचते. एकेक ओळ. मागे माणसं खोळंबलेली, मी दोन्ही हातांत पिशव्या घेऊन, आणि ही बोट ठेवून तूरडाळीपर्यंत पोचलेली. मी नेहमी म्हणायचो, "अगं आई, कॉम्प्युटरचं बिल आहे ते. कॉम्प्युटर चुकत नाही." बीटेक झालेला मुलगा असं म्हणतोय म्हटल्यावर तिने ऐकायला हवं होतं. तिने ऐकलं नाही, आणि तेच बरं झालं.

आधी एक गैरसमज दूर करू. पाकिटावर जो बारकोड असतो ना, त्यात किंमत नसते. बऱ्याच जणांना वाटतं की मशीनने 'टिक' केलं की पाकिटावरची किंमत वाचली. तसं नाही. त्या काळ्या पट्ट्यांमध्ये फक्त एक नंबर असतो, आपल्याकडे बहुतेक वेळा १३ आकडी. आपल्या बऱ्याच मालावर तो ८९० ने सुरू होतो. २६ जून १९७४ ला अमेरिकेत, ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावात, एका सुपरमार्केटमध्ये च्युइंग गमचं पाकीट पहिल्यांदा असं स्कॅन झालं. तेव्हापासून आजपर्यंत पद्धत तीच आहे: पाकीट नंबर सांगतं, आणि किंमत दुकानाच्या डेटाबेसमधून येते.

म्हणजे एकाच वस्तूची किंमत तीन ठिकाणी असते. एक, पाकिटावर छापलेली एमआरपी. दोन, रॅकवरच्या लेबलवर. तीन, डेटाबेसमध्ये. पहिली कंपनीने छापलेली. दुसरी एखाद्या मुलाने सकाळी दुकान उघडायच्या आधी, शंभर लेबलांचा गठ्ठा हातात घेऊन लावलेली. तिसरी हेड ऑफिसमध्ये कुणीतरी एक्सेलमधून अपलोड केलेली. आता या तिन्ही कायम जुळतील असं तुम्हाला वाटतं का? ऑफर रविवारी संपली, डेटाबेसने रात्री बाराला किंमत बदलली, पण लेबल काढणारा मुलगा सोमवारी सुट्टीवर. झालं. रॅकवर १४९, बिलात १७२.

भाजीच्या काट्यावर आणखी वेगळी गंमत. तिथे जे स्टिकर निघतं, त्याचा बारकोड दुकानाने स्वतः बनवलेला असतो, आणि त्यात वजन किंवा रक्कम भरलेली असू शकते. काट्यावर कोड चुकला की साधा कांदा महागड्या भाजीच्या भावाने जातो, आणि कॅशियरला ते कळतही नाही, कारण तिच्या स्क्रीनवर तो स्टिकर जे सांगतो तेच येतं.

आता माझी गोष्ट.

२२ सप्टेंबर २०२५ आठवतोय? घटस्थापना होती आणि त्याच दिवशी जीएसटीचे नवे दर लागू झाले. शाम्पू, टूथपेस्ट, केसांचं तेल, अंगाचा साबण, बिस्किटं, हे सगळं १८ टक्क्यांवरून ५ वर आलं. सोपा हिशोब सांगतो. कराशिवाय १०० रुपयांची वस्तू आधी ११८ ला मिळायची, ती आता १०५ ला. तेरा रुपयांचा फरक. पण दुकानात जो जुना माल होता, त्यावर जुनीच एमआरपी छापलेली. म्हणजे पाकीट एक सांगणार आणि बिलात त्यापेक्षा कमी यायला हवं. सगळा भार डेटाबेसवर, म्हणजे आमच्यासारख्यांवर.

आमच्या एका ग्राहकाची चार दुकानं आहेत, नाव सांगत नाही. रविवारी रात्री आम्ही नव्या किमतींची फाइल सगळ्या काउंटरना पाठवली. प्रत्येक काउंटरच्या कॉम्प्युटरमध्ये किमतींची स्वतःची कॉपी असते, म्हणजे नेट गेलं तरी बिलिंग थांबत नाही. मी रात्री दीडला डॅशबोर्ड पाहिला. सगळं हिरवं. झोपलो.

सोमवारी दुपारी एका दुकानातून तिकीट आलं: "काउंटर ३ वर दर चुकीचे येत आहेत." मी डॅशबोर्ड पुन्हा पाहिला. काउंटर ३ हिरवा. मी उत्तर लिहिलं, "सिस्टीम बरोबर आहे, कॅशियरने जुनी लेबलं पाहिली असतील, कृपया खात्री करा." आणि तिकीट बंद केलं. दोन मिनिटांचं काम.

मंगळवारी तेच तिकीट पुन्हा आलं, तेव्हा प्रत्यक्ष दुकानात गेलो. काउंटर ३ चं नेट शनिवारपासून बंद होतं. फाइल पोचलीच नव्हती. मग डॅशबोर्ड हिरवा कसा? कारण मी लिहिलेल्या कोडमध्ये, फाइल 'पाठवली' की दिवा हिरवा व्हायचा. 'पोचली' की नाही, हे विचारलंच नव्हतं. पत्र पेटीत टाकलं म्हणजे घरी मिळालं, असं धरून चालण्यासारखं आहे हे.

त्या काउंटरवर एक ताई होत्या. वय असेल पस्तीस-छत्तीस. त्यांनी बिलाच्या रोलचा एक तुकडा काढून माझ्यासमोर ठेवला. मागच्या कोऱ्या बाजूवर पेनाने लिहिलेलं: वेळ, वस्तू, रक्कम. "टूथपेस्ट १३. साबण ८." दीड दिवसात १७ लोकांनी चूक दाखवली होती. बिल रद्द करायला मॅनेजरचा पासवर्ड लागतो, मॅनेजर दर वेळी जागेवर नसायचे, रांग वाढायची, लोक ओरडायचे. म्हणून ताईंनी गल्ल्यातून सरळ फरकाचे पैसे परत दिले. एकूण २१२ रुपये. रात्री गल्ला २१२ ने कमी भरला आणि वहीत त्यांच्या नावापुढे तो आकडा लागला. पगारातून कापायला.

त्या एवढंच म्हणाल्या, "सर, मी काल सांगितलं होतं. वरून उत्तर आलं की सिस्टीम बरोबर आहे."

ते वरून आलेलं उत्तर माझं होतं. मी तेव्हा त्यांना सांगू शकलो नाही. 'बघतो' म्हणालो आणि केबल तपासायला टेबलाखाली वाकलो. संध्याकाळी निघताना मात्र सांगितलं. त्या हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. "मग तसं लिहून द्या साहेबांना," म्हणाल्या. मी तिथे बसूनच मेल लिहिला: चूक सॉफ्टवेअरची, तिकीट मी चुकीचं बंद केलं, कॅशियरचा काही संबंध नाही. वहीतला आकडा त्याच दिवशी खोडला गेला.

पण गोष्ट तिथे संपत नाही. मी त्या काउंटरची बिलं काढून पाहिली. जास्त पैसे घेतलेली बिलं होती १३९. तक्रार केली १७ जणांनी. उरलेल्या १२२ लोकांना आजही माहीत नाही किंवा माहीत नव्हतं. त्यातल्या ९० जणांचे मोबाइल नंबर बिलावर होते. मालक आधी म्हणाले, "दहा-बारा रुपयांसाठी मेसेज कशाला? उगाच नाव खराब होईल." चार दिवस आमचं बोलणं चाललं, मग मेसेज गेले. ३८ लोक येऊन पैसे घेऊन गेले. ज्यांचे नंबर नव्हते त्या ३२ जणांचं काहीच करता आलं नाही. रक्कम मोठी नाही, मान्य आहे. पण ती आपली नव्हती.

आता कोडमध्ये बदल केलाय. काउंटर स्वतः सांगतो की फाइल मिळाली, तेव्हाच दिवा हिरवा. आणि किमतींची कॉपी एका दिवसापेक्षा जुनी असेल तर कॅशियरच्या स्क्रीनवर मोठी लाल पट्टी येते. म्हणजे निदान तिला पुरावा दाखवता येईल.

बरं, आता तुमच्या कामाचं. चूक दिसली तर काय करायचं?

पहिलं, एमआरपी ही कमाल किंमत आहे, सगळे कर धरून. पाकीटबंद वस्तूसाठी त्यापेक्षा एक रुपयाही जास्त घेणं हा वैध मापन नियमांचा भंग आहे. "जीएसटी वेगळा" हे चालत नाही. आणि जास्त किमतीचं स्टिकर जुन्या एमआरपीवर चिकटवणंही चालत नाही. किंमत कमी करणारं स्टिकर चालतं, पण तेही कंपनीने छापलेली एमआरपी झाकणार नाही अशा बेतानं.

दुसरं, रॅकवर १४९, बिलात १७२ आणि पाकिटावर एमआरपी १९५ असेल तर? इथे एमआरपीचा नियम मोडलेला नाही. बरेच दुकानदार हेच सांगून गप्प करतात. पण २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा पाहा. दुकानदाराने स्वतः लावलेल्या दरपत्रकातल्या किमतीपेक्षा जास्त रक्कम घेणं, हे त्यात तक्रारीचं कारण म्हणून दिलेलं आहे. म्हणून रॅकवरच्या लेबलचा फोटो काढा. आधी फोटो, मग वाद.

तिसरं, उलटी चूक. १,४९९ च्या मिक्सरवर चुकून १४९ लिहिलं, तर तुम्ही हट्टाने तेवढ्यात मागू शकता का? साधारणपणे नाही. करार कायद्यात दुकानात मांडलेली किंमत हा प्रस्ताव नसतो, प्रस्तावाचं आमंत्रण असतं. इंग्लंडमधला १९५३ चा बूट्स या औषध दुकानाचा खटला यासाठी आपल्याकडेही लॉ कॉलेजात शिकवतात. काउंटरवर तुम्ही विकत घ्यायची तयारी दाखवता, आणि दुकानदार हो म्हणतो तेव्हा व्यवहार होतो. चूक लक्षात आली तर तो नाही म्हणू शकतो. आपल्यालाही चूक सुधारायची संधी हवी असते ना, मग त्यालाही द्या.

चौथं, आता पाकिटांवर प्रति ग्रॅम किंवा प्रति मिलिलिटर किंमतही लिहिलेली असते. बारीक अक्षरात असते, पण वाचा. मोठं पाकीट कायम स्वस्त पडतं असं नाही.

आणि दुकानात दाद लागली नाही, तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे. सेव्ह करून ठेवा. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी लागत नाही. पण बिल जपून ठेवा. बिलाशिवाय सिद्ध करणं अवघड जातं.

शेवटची विनंती. बिल बघा, चूक दाखवा, फरक मागा, पण काउंटरवरच्या माणसावर ओरडू नका. किंमत त्याने ठरवलेली नसते, बदलायचा पासवर्डही त्याच्याकडे नसतो. मॅनेजरला बोलवा, आणि पैसे परत घेताना बिलात तशी नोंद करून घ्या. नाहीतर ते पैसे कुणाच्या पगारातून जातील हे मी पाहिलंय.

हे सगळं मी आईला सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "म्हणजे सतरा जणांनी बिल वाचलं म्हणून तुला कळलं." मग थोडं थांबून विचारलं, "आणि त्या बाईंचे पैसे दिले ना रे?"

दिले, आई.

चला, आज एवढंच. तुमच्या बिलात कधी काय सापडलंय ते मला मेसेज करून कळवा, पुढच्या भागात त्यातले काही वाचून दाखवीन. आणि आज घरी गेलात की खिशातलं ते चुरगळलेलं बिल एकदा उघडून बघा. भेटू पुढच्या भागात!