प्राणवायू : तारक आणि मारक



आमचे शिक्षण नववीत थांबले. पुढचे सारे फाउंड्रीच्या भट्टीपुढे आणि वाचनालयाच्या बाकावर झाले. मग वैद्यकाच्या विषयाला आम्ही हात का घालावा, असे कोणी विचारील. कारण इतकेच, की २०२१ च्या दुसऱ्या कोरोना लाटेत आमच्या संघटनेतील एकाच खात्याचे, एकाच वयाचे दोघे एकाच आठवड्यात आजारी पडले. एक बरा होऊन परत आला, दुसरा आला नाही. असे का, हा प्रश्न आम्हांस सोडीना.

लोखंड गंजते म्हणजे काय, हे ओतकाम करणाऱ्यास शिकवावे लागत नाही. प्राणवायू लोखंडाला खातो. शरीरातही तसेच काही चालते. पांढऱ्या पेशी जंतू मारण्यासाठी प्राणवायूपासूनच सुपरऑक्साइडसारखी जहाल द्रव्ये तयार करतात. ती आवरावयास पहारेकरीही असतात. त्यांपैकी सुपरऑक्साइड डिस्म्यूटेज याचे कार्य मॅकॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी १९६९ मध्ये दाखवून दिले. ग्लुटाथायोन हा दुसरा. हल्ला वाढला आणि पहारा कमी पडला, की त्या स्थितीस ऑक्सिडेटिव्ह ताण म्हणतात. पेशींच्या आवरणातील स्निग्ध द्रव्य त्याने नासते आणि मॅलॉनडायअल्डिहाइड नावाचा पदार्थ रक्तात येतो. हा जणू गंजाचा भुगाच.

जपानमधील कुमामोटो येथील संशोधकांनी १९८९ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. इन्फ्लुएंझा झालेल्या उंदरांना त्यांनी रक्तात अधिक काळ टिकेल असे डिस्म्यूटेज पाचव्या ते आठव्या दिवसाच्या दरम्यान दिले, आणि उंदीर मरणापासून बचावले. म्हणजे मारणारा केवळ विषाणू नव्हता; घरच्या शिपायांचा गोळीबारही होता.

कोरोनातही रुग्णालयात दाखल झालेल्यांच्या रक्तात ग्लुटाथायोन कमी आढळले. मग औषध सोपे, असे कोणालाही वाटेल: पहारेकरी बाहेरून पुरवा! ब्राझीलमध्ये १३५ गंभीर रुग्णांवर ॲसिटिलसिस्टीनची चाचणी झाली. फरक पडला नाही. अमेरिकेत २१४ रुग्णांना क जीवनसत्त्व आणि जस्त देऊन पाहिले; आजार लक्षणीय असा लवकर हटला नाही. उलट, शरीराचा हा गोळीबारच आवरणाऱ्या डेक्सामेथासोन या स्वस्त औषधाने २०२० मध्ये ब्रिटनमधील चाचणीत कृत्रिम श्वासावरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटविले. ज्यांना प्राणवायूची गरज नव्हती, त्यांना मात्र त्याचा लाभ झाला नाही.

भुगा पाहून गंज कळतो. भुगा झाडून गंज थांबत नाही. शिवाय हा भुगा तंबाखूच्या धुराने वाढतो, मधुमेहाने वाढतो. रक्तातील एकाच आकड्यावरून कोणाचे भविष्य सांगता येत नाही.

आता आमची चूक सांगतो. त्या दिवसांत आम्ही वर्गणीच्या पैशांतून क जीवनसत्त्वाच्या गोळ्या वाटल्या, आणि काही केल्याचे समाधान मानले. जो सोबती गेला, तो चार दिवस अंगात ताप असता पाळीवर येत होता. तो ठेकेदाराचा माणूस; रजा घेतली की मजुरी बुडे. राज्य विमा योजनेत आजारपणी वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन मिळते, पण त्यासाठी नाव नोंदलेले असावे लागते. त्याचे नव्हते, आणि ते पाहणे आमचे काम होते. रजा मिळती तर तो वाचलाच असता, असे आम्ही म्हणत नाही. पण तापलेल्या माणसाला भट्टीपुढे उभे करणे, आणि वाळूच्या धुळीने आधीच हाच ताण सोसणारी फुप्फुसे घेऊन त्याने ते साहणे, हे तरी टळले असते.

म्हणून आता आम्ही गोळ्या वाटीत नाही. विम्याच्या नोंदीची यादी घेऊन दर महिन्याला फाटकावर उभे राहतो, आणि धूळ ओढणारे पंखे चालू आहेत की नाहीत ते पाहतो. प्रयोगशाळेत जे कळले, ते भट्टीपर्यंत पोहोचविणे एवढेच आमच्यासारख्यांच्या हाती आहे.