पेशीचे आयुष्य आणि सुपारीचे तबक

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात छत्रपती संभाजीनगर येथे दिलेले भाषण)



या व्यासपीठावरून दरसाल शिक्षणनिधी, वसतिगृह आणि वधूवर-सूचना यांविषयी बोलले जाते. आज आम्ही शरीरातील एका जनुकाविषयी बोलणार आहोत. विषय रुक्ष वाटेल. परंतु त्याचा धागा याच मांडवाच्या दारापर्यंत येतो, म्हणून थोडा धीर धरावा ही विनंती.

हिमरूची शाल आपल्या नगरीत कोणास ठाऊक नाही? तिच्या टोकाच्या दशांना पीळ घालून गाठी मारतात. न मारल्यास वीण उसवते. पेशीतील गुणसूत्रांच्या टोकांनाही निसर्गाने अशाच दशा दिल्या आहेत. त्यांस टेलोमिअर म्हणतात. टी-टी-ए-जी-जी-जी हा सहा अक्षरांचा एकच शब्द तेथे जपमाळेसारखा पुनःपुन्हा आलेला असतो. दर विभाजनागणिक ही दशी थोडी आखूड होते. काचपात्रात वाढविलेल्या मानवी पेशी सुमारे ५० वेळा विभागून थांबतात, हे लिओनार्ड हेफ्लिक यांनी १९६१ मध्ये दाखविले. त्याचे कारण पुढे या दशांत सापडले.

१९८४ च्या नाताळच्या दिवशी कॅरोल ग्रायडर या तरुण संशोधिकेला, तळ्यात राहणाऱ्या एका सूक्ष्म जीवात, ही दशी पुन्हा विणणाऱ्या विकराचा माग लागला. तेच टेलोमरेज. तिच्या गुरू एलिझाबेथ ब्लॅकबर्न, ती स्वतः आणि जॅक शोस्टाक यांना २००९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मानवात या विकराचा मुख्य भाग घडविणारे टर्ट नावाचे जनुक पाचव्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवर आहे. गर्भात आणि बीजपेशींत ते जागे असते. शरीराच्या बहुतेक पेशींत निजलेले असते. ते निजलेले असणे हेच आपले संरक्षण होय. सुमारे ८५ ते ९० टक्के कर्करोगांत हे विकर जागे झालेले आढळते, आणि मग त्या पेशींस थांबणे ठाऊक राहत नाही.

याची सर्वांत प्रसिद्ध साक्ष म्हणजे हेन्रिएटा लॅक्स या अमेरिकन कृष्णवर्णीय स्त्रीच्या पेशी. १९५१ मध्ये बाल्टिमोर येथे तिच्या गाठीतून त्या घेतल्या गेल्या. तिला विचारलेही नाही. ती त्याच वर्षी वारली, पेशी आजही वाढत आहेत. मानवी टेलोमरेज १९८९ मध्ये प्रथम आढळले तेही याच पेशींच्या अर्कात. त्या वाढविणाऱ्या जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत पुण्याच्या कमल रणदिवे पेशीसंवर्धन शिकून आल्या, आणि परळच्या कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी ती विद्या रुजविली. त्यांचे गुरू डॉ. वसंत खानोलकर यांनी तंबाखू आणि मुखकर्करोग यांचा संबंध अभ्यासिला होता. आपल्याच भाषेतील माणसांनी इतक्या पूर्वी सांगून ठेवलेले आम्ही ऐकले नाही, याची खंत वाटते.

टर्ट जनुकाच्या आरंभस्थानी एखादे अक्षर बदलले तरी त्याची निद्रा मोडते, हे २०१३ मध्ये त्वचेच्या कर्करोगात दिसले. पुढे भारतीय रुग्णांच्या मुखकर्करोगांतही तसे बदल सापडले. तंबाखूने नेमके हेच अक्षर बदलते असा आमचा दावा नाही. पण तंबाखूतील द्रव्ये जनुकांची अक्षरे बिघडवितात, यात शंका उरलेली नाही. आणि नुसत्या सुपारीलाही जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ मध्ये कर्करोगकारक ठरविले. "तंबाखू नाही, साधी सुपारी आहे" असे म्हणून आपण ती पाहुण्यापुढे करतो. तिने गालाचे अस्तर कठीण होते आणि पुढे पुढे तोंडात दोन बोटेही शिरत नाहीत. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. त्याच वर्षी येथे शासकीय कर्करोग रुग्णालय सुरू झाले. मराठवाड्याच्या गावोगावचे लोक तेथील बाकांवर बसलेले असतात. एकदा पाहून यावे.

दशा लांबवून तारुण्य देणाऱ्या गोळ्यांच्या जाहिराती हल्ली दिसतात. त्यांवर पैसा घालवू नये, एवढेच म्हणतो.

गतवर्षी वधूवर मेळाव्याच्या दारी अत्तरदाणीशेजारी सुपारी-तंबाखूचे तबक होते. ते आम्हीच, कार्यकारिणीने, मांडले होते. खर्चाच्या पावतीवर आमचीच सही आहे. रीत म्हणून मांडले, आणि कोवळ्या मुलांनीही त्यात हात घातला. कार्यकारिणीत यावरून वाद झाला. तबक काढले तर वडीलधारे रुसतील, असे काहींचे म्हणणे पडले. शेवटी ठरले ते असे: यंदापासून तबकात बडीशेप, खडीसाखर आणि वेलदोडे राहतील. लग्नकार्यात यजमानांना आम्ही सक्ती करू शकत नाही. मंडळाचे सभागृह सवलतीत हवे असल्यास मात्र ही अट राहील.

उद्या सकाळी नऊ वाजता मागच्या खोलीत ज्ञातीतील दंतवैद्य तोंडे तपासतील. पांढरा वा लाल चट्टा, तीन आठवडे न भरणारी जखम, तिखट न सोसणे, यांपैकी काही असल्यास लाज धरू नये. स्त्रियांसाठी वेगळी वेळ अकराची आहे. मिश्री लावणाऱ्या आजींनीही यावे. त्यांना नातवंडांनी हाताला धरून आणावे.