दोन खणांच्या घरात धान्य, बी आणि औषध



रोहिणी नक्षत्र तोंडावर आलं आहे. पाळ्या झाल्या, काडीकचरा वेचून झाला. या दिवसांत मला जो तो विचारतो, साहेब, यंदा कोणतं वाण पेरावं, खत किती द्यावं? त्याबद्दल आपण पुढं बोलणारच आहोत. आज मात्र मी शेताबद्दल बोलणार नाही. आज घराबद्दल बोलणार आहे. घरातल्या कोनाड्याबद्दल, माळ्याबद्दल आणि खाटेखाली सरकवलेल्या पोत्यांबद्दल.

तुम्ही म्हणाल, घर आवरणं हे बायामाणसांचं काम, ते शेतीच्या कार्यक्रमात कशाला? तर ऐका.

गेल्या वर्षीच्या भाद्रपदातली गोष्ट. आमच्या भागातल्या एका कास्तकाराच्या घरी मी कापूस पाहून चहाला थांबलो होतो. घर दोन खणांचं. दिवेलागणीची वेळ, आणि वीज गेलेली. नातू खोकत होता, म्हणून म्हाताऱ्या आजीनं कोनाड्यात हात घातला, खोकल्याच्या औषधाची बाटली काढली आणि चमच्यात ओतू लागली. तेवढ्यात सुनेला वास आला. ती ओरडली आणि तिनं चमचा हातानं उडवला. बाटली खोकल्याच्या औषधाचीच होती, पण आतलं औषध कपाशीचं होतं. दोन पंपांपुरतं उरलं होतं, डबा फुटका होता, म्हणून घरधन्यानं ते रिकाम्या बाटलीत भरून ठेवलं होतं.

पोरगं वाचलं. म्हातारीचा हात मात्र कितीतरी वेळ थरथरत होता. मी जरा रागानंच म्हणालो, "अहो, हे इथं ठेवतात का?" त्यावर ती म्हणाली, "साहेब, जागाच नाही घरात, तं ठेवावं कुठं आम्ही?"

मंडळी, मला उत्तर देता आलं नाही. ते औषध त्या माणसानं माझ्याच सांगण्यावरून आणलं होतं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे वीस माणसं दगावली. तेव्हापासून आम्ही गावोगाव सांगत आलो की हातमोजे घाला, तोंडाला फडकं बांधा, वाऱ्याच्या विरुद्ध फवारू नका. पण उरलेली बाटली घरी कुठं ठेवता, हे मी कुणाला कधी विचारलंच नव्हतं. आज त्या म्हातारीच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचा प्रयत्न करतो.

आपल्या आजीची उतरंड आठवा. खाली मोठा रांजण आणि त्यावर चढती लहान मडकी. एका रांजणाच्या जागेत डाळी, तिखट-मीठ, भाजीपाल्याचं बी, सारं मावायचं. अंधारातही हात बरोबर मडक्यावर पडायचा, कारण प्रत्येक वस्तूचं ठाणं ठरलेलं होतं. आणि चुकून हात दुसऱ्या मडक्यात गेलाच, तर फार तर मुगाऐवजी मटकी यायची. त्या घरात विष नव्हतं. आता आपल्या घरात विष आलं आहे. घर तेवढंच राहिलं, पण ठेवायची रीत बदलायला हवी होती, ती आपण बदलली नाही. चूक इथं झाली.

म्हणून माझी विनंती आहे, मिरग निघायच्या आत एक कोरडा, उन्हाचा दिवस बघा. घरातली सगळी माणसं त्या दिवशी घरी राहू द्या. लहान लेकरांना मात्र शेजारी पाठवा. सकाळी आधी कोनाड्यातल्या, माळ्यावरच्या औषधाच्या बाटल्या आणि डबे जपून काढून वेगळे ठेवा. मग बाकीचं सगळं अंगणात काढा. खाटेखालची पोती, दाराआडचे डबे, आढ्याला टांगलेली गाठोडी, सगळं. मग त्याचे पाच ढीग करा: खायचं, पेरायचं, वापरायचं, टाकायचं आणि पाचवा ढीग विषाचा.

टाकायच्या ढिगापासून सुरुवात करा, कारण जागा तिथूनच निघते. फाटकी बारदानं, भोकं पडलेले डबे, खताच्या चिंध्या झालेल्या गोण्या, कधीतरी उपयोगाला येईल म्हणून ठेवलेल्या बाटल्या. पाच वर्षांत जे उपयोगाला आलं नाही, ते सहाव्या वर्षीही येत नाही. ही अडगळ म्हणजे उंदरांची वस्ती. उंदीर आला की त्याच्या मागं साप येतो, आणि पावसाळ्यात आपण झोपतो जमिनीवर. अडगळ काढली की जागा मिळते आणि जिवाचा घोरही कमी होतो.

एक वस्तू मात्र घाईनं टाकू नका. ती म्हणजे यंदाच्या बियाण्याची पिशवी. पिशवी खालच्या बाजूनं फोडा, म्हणजे वरचं लेबल शाबूत राहतं. ती पिशवी, लेबल, पावती आणि मूठभर बी पीक हाती येईपर्यंत जपून ठेवा. उगवण झाली नाही, तर तक्रारीला हाच पुरावा लागतो. सातबारा, पासबुक यांच्याबरोबरच एका पत्र्याच्या डब्यात ही पावतीही ठेवा. मागच्या सालांच्या पिशव्या खुशाल काढून टाका.

आता खायचा ढीग. धान्य परत एकदा कडक वाळवा. ज्वारीचा किंवा गव्हाचा दाणा दाताखाली धरला की कट्‌कन आवाज आला पाहिजे. ओलावा दहा-बारा टक्क्यांच्या वर नको. वाळवलेलं धान्य उन्हातून उचलून तसंच गरम गरम भरू नका. रात्रभर निवू द्या, नाहीतर आत घाम धरतो आणि बुरशी येते. जुन्या धान्यावर नवं ओतू नका. जुन्यातले सोंडे नव्यात जातात. बारदानं उलटी करून झटका, गरम पाण्यातून काढा, खडखडीत वाळवा आणि मगच भरा. पत्र्याची कोठी असेल तर उत्तम. कणगी असेल, कुणाकडे तिला ढोली म्हणतात, तर आतून-बाहेरून शेणमातीनं लिंपून चिरा बुजवा. अख्ख्या तुरीला भुंगेरे लवकर लागतात, डाळीला कमी. म्हणून खायची तूर भरडून डाळ करून ठेवली, तर टिकते आणि जागाही कमी लागते.

पोती थेट जमिनीवर ठेवू नका. विटांवर फळ्या टाकून वीतभर उंच ठेवा, आणि भिंतीपासून निदान हातभर दूर. हातभर जागा कुठून आणू, असं म्हणाल. घर फारच लहान असेल तर वीतभर तरी ठेवा. पावसाळ्यात भिंत ओल धरते आणि ती ओल पोतं पिऊन घेतं. शिवाय मधून जागा असली की मांजरही फिरतं आणि आपला झाडूही.

तिसरी गोष्ट बियाण्याची. घरचं सोयाबीन बी म्हणून ठेवलं असेल, तर ते फार नाजूक असतं. त्याचं साल पातळ असतं. पोतं उंचावरून आपटलं किंवा थप्पी फार चढवली, की खालचं बी दिसायला चांगलं राहतं आणि उगवत मात्र नाही. पाच-सहा पोत्यांच्या वर थप्पी नको. त्यावर बसू नका, मुलांना चढू देऊ नका. चुलीच्या भिंतीला किंवा पत्र्याला लागून ठेवू नका. आमच्याच घरी मी शाळेत असताना बियाणं चुलीच्या आड रचलं होतं. जागा तीच मोकळी होती ना! त्या साली दुबार पेरणी झाली आणि आईच्या पाटल्या गहाण पडल्या.

बाहेर काढलंच आहे, तर उगवणही तपासून घ्या. निवड न करता शंभर दाणे मोजा, ओल्या गोणपाटावर ओळीनं मांडा, गुंडाळी करून सावलीत ठेवा आणि ओलं राहू द्या. सहा-सात दिवसांनी उघडून चांगले कोंब मोजा. सत्तर किंवा जास्त उगवले, तर एकरी ३० किलो बी वापरा. साठच उगवले, तर एकरी ३५ किलो लागेल. त्याहून कमी असेल, तर ते बी पेरायला धरू नका.

चौथा ढीग वापरायचा. पंप, विळे, खुरपी, दोर, खताच्या गोण्या. विळे-खुरपी दारामागं टेकवू नका, भिंतीला खुंट्या ठोका. लहान घरात जमीन कमी असते, पण भिंती भरपूर असतात. युरियाच्या गोणीचं तोंड घट्ट बांधा, ती फळीवर ठेवा आणि जनावरांच्या चाऱ्यापासून, पाण्यापासून दूर ठेवा. सांडलेला युरिया मिठासारखा दिसतो, बैल चाटतो आणि मरतो. पंप मात्र या ढिगात असला तरी त्याचं ठाणं औषधापाशी, घरात नाही.

आता पाचवा ढीग. हा परत उंबऱ्याच्या आत येता कामा नये. कीटकनाशकं, तणनाशकं, उंदराचं औषध, बीजप्रक्रियेची पावडर, सगळं यात आलं. डब्यावरचा चौकोन बघा. खालच्या त्रिकोणात लाल रंग असेल तर औषध अत्यंत जहाल, पिवळा असेल तर त्याहून थोडं कमी, मग निळा आणि शेवटी हिरवा. पण हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे, बरं का. यातलं कोणतंही पोटात जाता कामा नये.

काही घरांत माळ्यावर अजून बीएचसी पावडरचा जुना डबा सापडतो. पूर्वी ती पोत्यांना चोळत असत. तिच्यावर १९९७ सालीच बंदी आली आहे. धान्यात टाकायच्या गोळ्याही राहत्या घरात नकोत. त्यांतून विषारी वायू सुटतो, आणि बंद खोलीत झोपलेली माणसं त्यानं दगावतात. असं जुनं, मुदत संपलेलं औषध ओढ्यात किंवा विहिरीत ओतू नका, चुलीत जाळू नका. ते कुठं द्यायचं, हे तालुका कृषी कार्यालयात विचारा.

मग चालू औषध ठेवायचं कुठं? म्हातारीचा प्रश्न हाच होता. एक पत्र्याची पेटी घ्या. जुनी लग्नातली ट्रंकही चालेल. तिला कडी-कुलूप लावा. ती गोठ्यात, पडवीत किंवा बाहेरच्या भिंतीवर, लहान मुलाचा हात पोचणार नाही एवढ्या उंचीवर पक्की बसवा. वर पत्रा टाका, म्हणजे ऊन-पाऊस लागणार नाही. चाऱ्यापासून आणि जनावरांच्या दावणीपासून ती लांब असू द्या. तिच्यावर लाल रंगानं "विष" असं लिहा आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी कवटीचं चित्र काढा. औषध ज्या डब्यातून आलं, त्याच डब्यात ठेवा. दुसऱ्या बाटलीत ओतायचं नाही, एक दिवससुद्धा नाही. लागेल तेवढंच विकत आणा. रिकामा डबा फवारणीच्या वेळीच तीनदा विसळा, ते पाणी पंपात घाला, डब्याला भोकं पाडा आणि वस्तीपासून, पाण्यापासून दूर पुरून टाका. त्यात तेल, रॉकेल, पाणी काही भरू नका.

पेटीची किल्ली घरच्या लक्ष्मीकडं द्या. यामागं आणखी एक कारण आहे. बोलायला जड जातं, पण बोलतो. नापिकी, कर्ज, घरातलं भांडण यांनी माणसाचं मन एखाद्या रात्री फार खचतं. अशा वेळी विष हाताशी नसावं. ती घडी टळली, की सकाळी माणूस बोलतो आणि वाट निघते. असं कुणाच्या मनात येत असेल, तर एकटं राहू नका, एकटं सोडूही नका. १४४१६ या सरकारी क्रमांकावर बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

आणि काळजी घेऊनही चुकून औषध पोटात गेलंच, तर मीठ-पाणी पाजून ओकारी काढू नका. त्यानं औषध फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. अंगावर सांडलं असेल तर कपडे काढा, साबणानं अंग धुवा. १०८ वर फोन करा आणि दवाखान्यात जाताना तो डबा लेबलासकट बरोबर न्या. कोणतं औषध होतं हे कळलं, की डॉक्टरांना उपचार लवकर करता येतो.

मंडळी, यासाठी नवी खोली बांधायला नको. एक दिवस, दोन फळ्या, काही विटा, मूठभर खिळे आणि एक कुलूप, एवढंच लागतं. ज्या घरी तो चमचा उडाला, तिथं मी दिवाळीनंतर पुन्हा गेलो होतो. गोठ्याच्या भिंतीवर पेटी होती, तिला कुलूप होतं. कोनाड्यात खोकल्याची बाटली एकटीच होती, शेजारी चिमणी आणि काडेपेटी. म्हातारी म्हणाली, "आता अंधारातही हात घालते, साहेब."

तुमच्याही घरात अंधारात निर्धास्त हात घालता यावा, एवढीच इच्छा. मिरगाच्या आधी एक दिवस काढाच.

राम राम.