शलाका, मतपत्रिका आणि भ्रमणध्वनी

राजमाची किल्ल्याच्या पायथ्याशी, कर्जत तालुक्यातील कोंडाणे येथे इसवी सनापूर्वीची बौद्ध लेणी आहेत. कण्हाचा शिष्य बलक याचे नाव तेथील चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर ब्राह्मी लिपीत कोरलेले आहे. शेजारच्या विहारात भिक्षूंच्या कोठड्या आहेत. अशा विहारांतून राहणाऱ्या भिक्षुसंघाला ठराव, गणसंख्या आणि मतमोजणी यांचे नियम होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत त्यांचा आवर्जून उल्लेख केला होता. राजकीय पक्षांची अंतर्गत लोकशाही आणि तिच्यासाठी आलेली संगणकीय साधने यांचा विचार करताना या नियमांचे स्मरण उपयोगी पडते.

संघात मतभेद मिटेनासा झाला की शलाका, म्हणजे लहान कांड्या, वाटून बहुमत अजमावीत. गुप्त मतदानात दोन पक्षांच्या कांड्या वेगवेगळ्या रंगांच्या असत. परंतु विनयपिटकाला कांड्यांपेक्षा त्या वाटणाऱ्याची चिंता अधिक आहे. तो पक्षपात, द्वेष, मोह आणि भय यांच्या आहारी न जाणारा हवा. गंमत अशी की, गुप्त मोजणीत अधर्माच्या बाजूस बहुमत दिसल्यास मतदान सदोष ठरवून ते पुन्हा घेण्याची मुभाही त्यालाच होती. मोजणाऱ्याच्या हाती केवढी सत्ता असते, हे त्या काळीही जाणवले होते.

आजच्या शलाका भ्रमणध्वनीत आहेत. 2014 साली भारतीय जनता पक्षाने एका ‘मिस्ड कॉल’वर सदस्य होण्याची सोय केली. प्रवेशाचे दार त्यामुळे रुंद झाले. संघटनेतील वरची पदे लढविण्यास मात्र सक्रिय सदस्यत्व लागते. काँग्रेसच्या अध्यक्षपदासाठी 17 ऑक्टोबर 2022 रोजी मतदान झाले. प्रतिनिधींना क्यूआर संकेताची ओळखपत्रे होती, मते मात्र कागदी मतपत्रिकेवर दिली गेली. श्री. मल्लिकार्जुन खर्गे यांना 7,897 आणि श्री. शशी थरूर यांना 1,072 मते मिळाली. निवडणुकीपूर्वीचा खरा वाद साधनाचा नव्हताच. मतदार प्रतिनिधींची यादी खुली करावी, अशी काही नेत्यांची मागणी होती.

इटलीतील ‘पंचतारा चळवळ’ या पक्षाने याहून पुढे मजल मारली. सप्टेंबर 2019 मध्ये प्रतिस्पर्धी पक्षासह सरकार बनवावे काय, हा प्रश्न त्याने ‘रूसो’ या संगणकीय व्यासपीठावर सदस्यांपुढे ठेवला. सुमारे 79 हजार सदस्यांनी मत दिले. पुढे 2021 साली पक्षाचे आणि व्यासपीठ चालविणाऱ्या खासगी संस्थेचे बिनसले, तेव्हा सदस्यांची यादीच संस्थेकडे अडकून पडली. माहिती-संरक्षण प्राधिकरणाने आदेश दिल्यावरच ती पक्षाकडे आली.

महाराष्ट्रात हा प्रश्न वेगळ्या वाटेने पुढे आला. शिवसेनेच्या नाव-चिन्हाच्या वादात 17 फेब्रुवारी 2023 रोजी निर्णय देताना निवडणूक आयोगाने संघटनेतील बहुमताऐवजी विधिमंडळ पक्षातील बहुमताचा आधार घेतला. त्याच आदेशात आयोगाने सर्व पक्षांना सल्ला दिला की, आपली घटना, अंतर्गत निवडणुकांचा तपशील आणि पदाधिकाऱ्यांची यादी त्यांनी संकेतस्थळावर नियमितपणे जाहीर करावी. अंतर्गत लोकशाहीसाठी संगणकाचा याहून साधा, आणि बहुधा याहून मोलाचा, उपयोग दाखविणे कठीण.

तथापि तो सल्ला आहे, सक्ती नव्हे. लोकप्रतिनिधित्व कायद्यात 1989 साली आलेले कलम 29-क पक्षाकडून लोकशाहीवरील निष्ठेचे वचन घेते. पक्षांतर्गत मतदान कसे घ्यावे, हे सांगत नाही. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीआधी मतदारयादी प्रारूप म्हणून प्रसिद्ध होते, तिच्यावर हरकती मागविल्या जातात आणि नाव गाळलेला शेतमजूरही ती पाहून अर्ज देऊ शकतो. पक्षाच्या सदस्य-यादीवर अशी हरकत घेण्याची तरतूद या कलमात नाही.