ताटासमोरचा फोन



मला भाषण करण्याची सवय नाही. पण आपल्या सदाशिव पेठेत परगावची कितीतरी मुले-मुली कॉट घेऊन राहतात आणि पुण्यात शिकतात. त्यांच्याविषयी दोन शब्द सांगावेसे वाटतात.

माझा भाचा गेल्या वर्षी लातूरहून विद्यापीठात एम.ए.साठी आला. आमच्याकडे जेवायला आला तरी त्याचे डोळे फोनमध्ये. एकदा मी चिडून त्याच्या हातून फोन काढून घेतला. तो रागावला नाही. खाली मान घालून म्हणाला, "मावशी, खोलीत आम्ही चौघं, पण कुणी कुणाशी बोलत नाही. मेसमध्ये मी एकटाच जेवतो. फोन समोर ठेवला की कुणीतरी बसलंय असं वाटतं."

भगिनींनो, माझा घास घशातच अडकला. 'फोन ठेव' असे मी शंभरदा म्हटले होते. 'तुला मित्र आहेत का रे?' असे एकदाही विचारले नव्हते.

फोनचा दोष नाही असे नव्हे. वर्तमानपत्राला शेवटचे पान असते. फोनवर बोट सरकवीत राहा, शेवट येतच नाही. तो येऊ नये अशीच त्याची रचना असते. मग रात्री जागरण, सकाळी तास बुडतो, तास बुडाला की ओळखी होत नाहीत, आणि एकटे वाटले की पुन्हा फोन! असे हे रहाटगाडगे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ साली सांगितले की, जगात सहा माणसांत एकाला एकटेपणा ग्रासतो, आणि तरुणांत तो अधिक आहे.

म्हणून नुसता फोन हिसकावून भागत नाही. त्याच्या जागी माणूस द्यावे लागते. आता दर रविवारी भाचा खोलीतल्या एका मुलाला घेऊन जेवायला येतो. जेवताना सर्वांचे फोन कपाटावर; पहिला माझा! पहिल्या रविवारी कुणाला बोलणे सुचेना. आता दोघे माझ्याबरोबर भाजी निवडीत गप्पा मारतात. फोन सुटलेला नाही. पण मेसमध्ये ते दोघे आता एकत्र जेवतात.

एखादे मूल फारच खचलेले दिसले, तर सरकारच्या 'टेलिमानस'चा १४४१६ हा क्रमांक त्याला द्यावा. तेथे रात्रंदिवस विनामूल्य सल्ला मिळतो.

आपणही आपल्या जिन्यावरच्या एका मुलाला किंवा मुलीला या रविवारी जेवायला बोलवा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेते.